नेमबाजी : बदलते नियम, बदलती गणिते

महू आपल्या इंदूरकरांना परके नाही. कुणाचे सासर तिथे, कुणाची नोकरी तिथे. तिथल्या लष्करी छावणीत आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. लष्करातले निवडक नेमबाज तिथे वर्षानुवर्षे सराव करतात. तिथेच तयार झालेले सुभेदार विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. पदक सर्वांना आठवते. त्या पदकामागे नियमबदलाचीही एक गोष्ट आहे, ती मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यांचा प्रकार २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. समोर पाच लक्ष्ये, आणि पाच गोळ्यांसाठी वेळ आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंद. पूर्वी या प्रकारासाठी खास पिस्तुले असत. त्यांतली काडतुसे आखूड आणि धक्का अगदी कमी. २००५ पासून नियम बदलला. लांब काडतूस आणि किमान एक किलो वजनाचा ट्रिगर सक्तीचा झाला. कपाटातली उत्तम पिस्तुले एका दिवसात निरुपयोगी झाली, जुने विक्रम बाजूला पडले. जर्मनीच्या राल्फ शुमान यांनी जुन्या पिस्तुलावर १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली होती. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना हाताची सवय नव्याने घडवावी लागली. तरी २००८ मध्ये बीजिंगला त्यांनी रौप्य मिळवले. सुवर्ण हुकले ते ७८०.२ विरुद्ध ७७९.५ अशा फरकाने.

बीजिंगपर्यंत प्राथमिक फेरीचे गुण अंतिम फेरीत धरले जात. लंडनला ते बंद झाले. अंतिम फेरीत सगळे शून्यापासून सुरू करणार, आणि ९.७ किंवा त्याहून अधिक गुणांचा नेम लागला तरच तो मोजणार, नाहीतर काही नाही. रशियाच्या अलेक्सेई क्लिमोव यांनी प्राथमिक फेरीत ५९२ गुणांचा विश्वविक्रम केला. विजय कुमार ५८५ वर होते. जुन्या पद्धतीत क्लिमोव सात गुणांची आघाडी घेऊन उतरले असते. नव्या पद्धतीत ती आघाडी पुसली गेली. क्युबाच्या लेउरिस पुपो यांनी ३४ नेम साधून सुवर्ण घेतले, विजय कुमार ३० नेमांवर दुसरे आले आणि विश्वविक्रमवीर क्लिमोव चौथे राहिले. यात विजय कुमार यांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. नियम सर्वांना एकच होता, आणि त्या दिवशी चार सेकंदांत मन स्थिर ठेवणे त्यांना जमले.

नियमाने दिले, तसे नियमाने नेलेही. महूच्याच युनिटमधले जितू राय ५० मीटर पिस्तुलाचे नेमबाज. २०१४ मध्ये त्यांनी जागतिक स्पर्धेत रौप्य, तर राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवले. हा प्रकार १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही झाला होता, इतका जुना. त्याचे पिस्तूल एका वेळी एकच गोळी झाडणारे, मूठ हाताच्या मापाने घडवलेली. जून २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोसाठीचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात पुरुषांचे ५० मीटर पिस्तूल, ५० मीटर प्रोन रायफल आणि डबल ट्रॅप हे तीन प्रकार वगळले गेले. डबल ट्रॅप म्हणजे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला ज्यात रौप्य जिंकले तोच प्रकार. जितू राय यांच्यापुढे १० मीटर एअर पिस्तूल एवढीच वाट उरली. त्यात त्यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवले, पण ज्या प्रकारात हात बसला होता त्यात ऑलिंपिक पदकाची संधी कायमची गेली.

बदलामागचे कारण मात्र वाईट नव्हते. पुरुषांच्या स्पर्धा जास्त आणि स्त्रियांच्या कमी, ही तफावत दूर करायची होती, म्हणून मिश्र सांघिक प्रकार आले. २०१८ पासून १० मीटरमध्ये स्त्रियांच्या गोळ्याही ४० वरून पुरुषांइतक्या ६० झाल्या. २०२४ मध्ये, पुन्हा पॅरिसलाच, मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी मिश्र एअर पिस्तुलात कांस्यपदक जिंकले. एकाचे दार बंद झाले त्याच निर्णयाने दुसऱ्यांचे उघडले.

म्हणून बदल चांगला की वाईट, एवढेच विचारून भागत नाही. तो न्याय्य आहे का, आणि ज्याने आयुष्याची दहा वर्षे त्यात घातली त्याला तयारीला पुरेसा वेळ मिळाला का, हेही पाहायला हवे. नियम कागदावर एका बैठकीत बदलतो, हात बदलायला वर्षे लागतात.

आपल्या मंडळातही दरवर्षी मुलांच्या स्पर्धा होतात. वयोगट बदला, वेळ बदला, पण स्पर्धेच्या सकाळी बदलू नका. एखाद्या पोराने महिनाभर जुन्या नियमाने तयारी केलेली असते.