कबुतरे, काडतुसे आणि क्लोव्हर : ब्रिटनच्या हिवाळी शिकारीचा हिशेब

१/१५
१९५० च्या दशकातील इंग्लंड. फेब्रुवारीतील शनिवारी दुपार कलू लागली की एकाच काउंटीतील अनेक वनरायांमध्ये बंदूकधारी माणसे झाडांच्या बुंध्यांशी उभी राहत. लक्ष्य होते मुक्कामाला परतणारी रानटी कबुतरे. या शिकारीसाठी लागणाऱ्या काडतुसांचा निम्मा खर्च सरकार उचलत असे. त्या पैशातून नेमके काय साधले, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१५
हा पक्षी म्हणजे वूडपिजन. आपल्याकडील पारव्याहून बराच मोठा, वजन सुमारे अर्धा किलो, मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा डाग. मूळचा तो जंगलातला, पण शेतीच्या विस्ताराबरोबर शेतात उतरला. धान्य, वाटाणा, कोबीवर्गीय भाज्या, क्लोव्हरची पाने हे सारे त्याचे खाद्य. हिवाळ्यात त्याचे थवे शेकडोंनी, कधी हजारोंनी एकत्र येतात.

३/१५
दिवसभर शेतात चरून, गळ्यातील अन्नपिशवी भरून घेऊन हे थवे सांजवेळी रातथाऱ्याला येतात. रातथारा म्हणजे पक्ष्यांची एकत्र रात्र काढण्याची जागा. त्यासाठी वाऱ्यापासून आडोसा देणारी सूचिपर्णी झाडे किंवा आयव्हीच्या वेलीने वेढलेली झाडे निवडली जातात. शिकाऱ्यांची सारी आखणी या सवयीवर आधारलेली होती.

४/१५
कबूतर वाऱ्याकडे तोंड करून उतरते. म्हणून वाऱ्याची दिशा पाहूनच शिकारी आपली जागा ठरवीत. सोसाट्याचा वारा असेल तर पक्षी खालून उडतात आणि बंदुकीच्या टप्प्यात येतात. शांत, निरभ्र संध्याकाळी ते उंचावरून घिरट्या घालत राहतात. एका रानात बार झाला की थवा शेजारच्या रानाकडे वळतो. त्यामुळे सर्व राने एकाच संध्याकाळी अडवण्याची पद्धत रूढ झाली.

५/१५
मग फेब्रुवारीच का? ब्रिटनमध्ये फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारीला संपतो. तोपर्यंत जमीनदारांचे गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानांचे राखणदार, परक्या माणसाला आत पाऊल ठेवू देत नसत. हंगाम सरला की तीच राने कबुतरांच्या शिकारीसाठी खुली होत. शेतकरी, शेतमजूर आणि गावातील हौशी नेमबाज या निमित्ताने एकत्र येत.

६/१५
या हौसेला राष्ट्रकार्याचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनचे बहुतांश अन्न समुद्रमार्गे येत होते आणि जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या. १९३९ मध्ये प्रत्येक काउंटीत युद्धकालीन कृषी समित्या स्थापन झाल्या. पीक खाणारा प्रत्येक प्राणी आता शत्रूचा साथीदार ठरला. त्यातच मांसावर रेशन होते, पण कबुतरावर नव्हते. मारलेला पक्षी थेट स्वयंपाकघरात जाऊ शकत होता.

७/१५
युद्ध संपले, पण टंचाई संपली नाही. रेशन पूर्णपणे उठले ते १९५४ मध्ये. १९४७ च्या कृषी कायद्याने पिकांचे नुकसान करणारे प्राणी व पक्षी मारण्याचा आदेश जमीनधारकांना देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९५४ चा कायदा पक्ष्यांच्या संरक्षणाचा होता. तरीही त्यात वूडपिजनला वर्षभर मारण्याची मुभा कायम राहिली.

८/१५
याच सुमारास आणखी एक घटना घडली. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक रानससे मरून गेले. पिकांचा सर्वांत मोठा शत्रू असा अचानक नाहीसा झाला. मग शेतकऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे लक्ष कबुतरावर केंद्रित झाले.

९/१५
निम्म्या दरातील काडतुसांची योजना या पार्श्वभूमीवर राबवली गेली. तिच्यामागील तर्क साधा होता : हिवाळ्यात पक्षी मारले की वसंतात तितके पक्षी कमी, आणि तितकेच नुकसानही कमी. प्रत्येक शनिवारी मेलेल्या पक्ष्यांचे आकडे जमा होत आणि ते मोठे असत. त्यामुळे योजना यशस्वी आहे, याविषयी फारशी शंका घेतली जात नव्हती.

१०/१५
ही शंका तपासून पाहिली ती कृषी मंत्रालयाच्याच एका शास्त्रज्ञाने. रॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून केंब्रिजशायरमधील कार्लटन परिसरात वूडपिजनचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांनी केवळ मेलेले पक्षी मोजले नाहीत. जिवंत पक्षी किती उरले, ते काय खातात आणि ते खाद्य शेतात किती शिल्लक आहे, याच्याही नोंदी ठेवल्या.

११/१५
त्यातून कोडे उलगडले. कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य हिवाळा पुरता लागण्यापूर्वीच संपत येते. मग कबुतरे क्लोव्हरच्या पानांकडे वळतात. ही पाने कमी पौष्टिक असल्याने लहान दिवसाचा जवळपास सारा वेळ चरण्यात जातो. अशा वेळी किती पक्षी तगतील, हे क्लोव्हरच्या साठ्यावर ठरते. जास्तीचे पक्षी उपासमारीने मरतात किंवा परिसर सोडून जातात.

१२/१५
शिकाऱ्यांनी टिपलेले पक्षी प्रामुख्याने या जास्तीच्या संख्येतून वजा होत होते. शंभर पक्षी मारले की त्यांच्या वाट्याचे क्लोव्हर इतरांना मिळे आणि उपासमारीचे बळी तेवढे घटत. शिकारीमुळे हिवाळ्यातील एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही, हा या अभ्यासाचा निष्कर्ष १९७४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. निसर्ग फुकटात जे करत होता, त्यासाठी सरकारी तिजोरीतून काडतुसे पुरवली जात होती.

१३/१५
आणखी एक समजूतही टिकली नाही. हिवाळ्यातील प्रचंड थवे स्कँडिनेव्हियातून येतात, असे अनेक शिकारी मानत. पायात कडी अडकवून सोडलेल्या पक्ष्यांच्या नोंदींनी दाखवले की ब्रिटनमधील वूडपिजन मुख्यतः स्थानिकच असतात. परदेशी पक्षी फारच थोडे आढळतात. संशोधन पुढे येत गेले तसे काडतुसांचे अनुदानही काढून घेण्यात आले. एखाद्या मंत्रालयाने स्वतःच्याच शास्त्रज्ञांचे न रुचणारे उत्तर स्वीकारल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय.

१४/१५
मात्र यातून शेतकऱ्याची तक्रार खोटी ठरली नाही. कबुतरे पीक खातच होती. मर्टन यांच्या कामाचा अर्थ एवढाच की रातथाऱ्यावरील शिकारीने संख्या आटोक्यात येत नाही. संख्येची किल्ली अन्नात आहे. पुढील काळाने हे उलट्या बाजूने सिद्ध केले. १९७० च्या दशकापासून मोहरीच्या कुळातील रेपसीड या तेलबियांची लागवड झपाट्याने वाढली. शरद ऋतूत पेरलेले हे पीक हिवाळाभर हिरवे असते. कबुतरांची हिवाळी उपासमार टळू लागली आणि त्यांची संख्या वाढत गेली. आज ब्रिटनमध्ये त्यांच्या सुमारे ५० लाख प्रजननक्षम जोड्या आहेत.

१५/१५
फेब्रुवारीतील ती शिकार आजही चालते, पण तिची कायदेशीर चौकट बदलली आहे. एप्रिल २०१९ मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेच्या कायदेशीर आव्हानानंतर इंग्लंडमधील असे सर्वसाधारण परवाने रद्द झाले. त्याच वर्षी ते नव्या अटींसह परत आले. शेतकरी आणि पक्षीप्रेमी यांच्यातील वाद मात्र सुरूच राहिला. माणसाच्या पिकावर येणाऱ्या प्राण्यांविषयी कोणत्याही देशात धोरण आखले जाते, तेव्हा किती मारले हा आकडा सर्वप्रथम पुढे येतो. किती उरले आणि ते कशावर जगत आहेत, हा प्रश्न कार्लटनच्या शेतांनी त्याच्या शेजारी आणून ठेवला आहे.