भूराजकीय धोका आणि संरक्षणखर्च

युद्ध, सीमातंटे, दहशतवाद किंवा राष्ट्रांमधील बेबनाव यांमुळे शांततेला संभवणारा धोका आणि सरकारचा सैन्यावरील खर्च यांचा परस्परसंबंध. धोका वाढला की खर्च वाढतो, हे झाले ढोबळ विधान. खर्च वाढतो तो राज्यकर्त्यांना धोका जाणवल्यावर, आणि तिजोरीला झेपेल तेवढाच.

धोका मोजण्यासाठी डारिओ काल्दारा व मात्तेओ याकोव्हिएलो या अर्थतज्ज्ञांनी वृत्तपत्रांतील युद्ध व तणावविषयक मजकुराच्या प्रमाणावरून एक निर्देशांक बसवला आहे. ती वृत्तपत्रे अमेरिका, ब्रिटन व कॅनडातील असल्याने दिल्लीला किंवा चीनच्या सीमेजवळील तवांगला वाटणारी भीती त्यात पुरती उतरेलच असे नाही.

भारताचा १९६२चा अनुभव या संदर्भात बोलका आहे. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत चिनी सैन्याशी चकमकी झाल्या. म्हणजे धोका दारात येऊन उभा होता. तरीही संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्केच खर्च होत राहिला. २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावणे आले. त्यांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तोफा थांबल्या आणि खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. १९६२-६३च्या मूळ अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ३७६ कोटी रुपये होते. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १९६३-६४साठी ८६७ कोटी धरले. त्यासाठी जादा नफ्यावर कर बसला, सक्तीची बचत आली. युद्धामुळे पुकारलेल्या आणीबाणीच्या काळातच सुवर्ण नियंत्रण आले, नवे दागिने चौदा कॅरेटपुरते मर्यादित झाले आणि अनेक सोनारांचा धंदा बसला. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल उभारण्याचे ठरले. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला तोही याच दशकात.

उलट उदाहरणही भारताचेच. १९९०च्या सुमारास काश्मीर पेटले होते, पण १९९१च्या परकीय चलन संकटाने सरकारचे हात बांधले आणि राष्ट्रीय उत्पन्नातील संरक्षणाचा वाटा घसरला. १९९९च्या कारगिल युद्धानंतर, २०००-०१ मध्ये, तरतूद एकदम सुमारे १३,००० कोटींनी वाढली.

कार्यकारणभाव उलटाही असतो : एकाची शस्त्रखरेदी शेजाऱ्याला धोका वाटते आणि तोही खरेदीला लागतो. शिवाय चढलेला खर्च सहसा पूर्वपदावर येत नाही, कारण भरती केलेल्या सैनिकाचा पगार व पुढे निवृत्तिवेतन संकट सरल्यावरही द्यावेच लागते. २०२५-२६च्या भारतीय अंदाजपत्रकात संरक्षणाच्या ६.८१ लाख कोटी रुपयांपैकी सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी आहेत.