तीन माग आणि एक विणकर

मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मालकांनी ‘कार्यक्षमता योजना’ आणली. तिचा अर्थ एवढाच की दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत आणि सूतकताईत एका कामगाराने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. या योजनेला झालेला विरोध म्हणजे यंत्राविषयीची अढी असे मानण्याची सवय अभ्यासकांनी आता सोडायला हवी. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तुटला की विणकराला माग थांबवून टोके शोधावी आणि गाठ मारावी लागे. कापूस हलका असला की सूत वरचेवर तुटे, आणि तेवढ्यात शेजारच्या मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, रिकामा होई. कामगाराची तयारी त्यामुळे केवळ त्याच्या मनावर नव्हे, तर कापसाच्या प्रतीवर आणि वाढीव उत्पादनातल्या त्याच्या वाट्यावरही अवलंबून होती. एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला, त्यामागे वेतनकपातीइतकीच ही योजनाही कारण होती.

शिकण्याची तयारी असूनही काहींना मागापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते, ही त्या इतिहासातली अधिक वेदनादायक बाजू आहे. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाच्या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जाई, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच संपाच्या काळात हा प्रश्न ठामपणे मांडला.