वस्तरा, वाटी आणि खारपाणपट्टा

१/
वस्तऱ्याने दाढी करताना कातडी कापू नये म्हणून पात्याखाली काय असावे? पाणी, साबण, तेल की लोणी? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु अमरावती-अकोल्याच्या भूमीत त्याचे उत्तर शोधू लागले, की रसायनशास्त्र, रेल्वे, जातिव्यवस्था आणि पूर्णेच्या खोऱ्यातील विहिरी या साऱ्या वाटा नाभिकाच्या एका लहानशा वाटीपाशी येऊन मिळतात. त्या वाटीचा हा इतिहास.

२/
आरंभ फार जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात बालकाच्या चौलसंस्काराचा, म्हणजे जावळाचा, विधी सांगितला आहे. तेथे गरम व थंड पाणी एकत्र करून घ्यावे, त्यात लोणी किंवा दह्याचे थेंब मिसळावेत, त्याने बालकाचे डोके भिजवावे आणि मगच वस्तरा लावावा, असा क्रम येतो. धार्मिक अर्थ क्षणभर बाजूला ठेवला तर दिसते ते पक्के व्यवहारज्ञान : कोमट पाणी केस मऊ करते आणि स्निग्ध पदार्थ पाते घसरते ठेवतो.

३/
मराठी परंपरेत या ज्ञानाची साक्ष संत सेना महाराजांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात मिळते. आपल्या व्यवसायाचे एकेक साधन घेऊन ते परमार्थाचे रूपक उभे करतात. विवेक हा आरसा होतो, वैराग्य चिमटा होते, आणि ज्या पाण्याने डोके घोळायचे ते पाणी शांती होते. या सामग्रीत साबण नाही, तेलही नाही. वस्तरा चालतो तो पाण्यावर आणि बोटांच्या चोळण्यावर.

४/
नुसत्या पाण्यावर भागते कसे? केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. पाणी आत शिरले की केस फुगतो, त्यातील हायड्रोजन बंध सैल होतात आणि तो कापायला कोरड्या केसापेक्षा पुष्कळच कमी जोर लागतो. मात्र त्यासाठी दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. जुने नाभिक ओल्या बोटांनी गाल बराच वेळ चोळत राहत, ते उगाच नव्हे. ते चोळणे हा दाढीचा निम्मा भाग होता.

५/
वऱ्हाडात म्हाली किंवा वारीक या नावांनी ओळखला जाणारा नाभिक हा गावगाड्यातील बलुतेदार. त्याच्या धोकटीत वस्तरा, निसणा, चिमटा, नहरणी, आरसा आणि वाटी असे. मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. धोकटीतील प्रत्येक वस्तू तो स्वतः बाळगत असे, एक सोडून. पाणी त्याला गावाकडूनच घ्यावे लागे. आणि वऱ्हाडात नेमकी अडचण तेथेच होती.

६/
अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरला आहे. येथील भूजल खारे आहे. अकोला जिल्ह्यात दहिहांड्याच्या परिसरातील विहिरींच्या पाण्यापासून एकेकाळी मीठ काढले जाई, यावरून त्याची कल्पना यावी. असे पाणी वस्तऱ्याचाही शत्रू. पोलादी पात्यावर त्याचा थेंब राहिला तर गंज धरतो, धारेवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि अशी खडबडीत धार कातडी ओरबाडते.

७/
१८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला आणि बडनेऱ्याहून कापूस बाहेर जाऊ लागला, तसा विलायती माल आत येऊ लागला. साबण त्यातलाच. पण विलायती साबणात प्राणिज चरबी वापरली जाई, आणि ती तोंडाला लावायची हा अनेकांच्या दृष्टीने धर्मसंकटाचा विषय होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलांपासून साबण तयार केला. स्वदेशीच्या काळात त्याला मिळालेल्या पसंतीमागे हेही एक कारण होते.

८/
दाढीला साबण पाण्याहून सरस का? फेस केसाभोवती पाणी धरून ठेवतो. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा गालावरचे साधे पाणी पाहता पाहता वाळते, फेस मात्र टिकतो. शिवाय तो पात्याला घसरण देतो. पण खाऱ्या पाण्यात हेच सामर्थ्य आटते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून पांढरी चिकट साय तयार करतात, आणि मीठ साबणाला विरघळूच देत नाही. वडी झिजते, फेस येत नाही. म्हणून खारपाणपट्ट्यात साबण विकत घेणाऱ्यालाही आधी गोडे पाणी शोधावे लागे : नदीचे, झिऱ्याचे, पावसाचे.

९/
मग तेल का नको? वऱ्हाडात जवस, तीळ, सरकी यांची उणीव नव्हती. परंतु तेल केसाला मऊ करत नाही. कोरड्या दाढीवर ते आधी लावले तर उलट पाण्याला आत जाऊ देत नाही, आणि जास्त झाले तर फेस मारते. जवसाचे तेल तर हवेत वाळून चिवट पापुद्रा धरते, म्हणून ते रंगाला चांगले, गालाला आणि पात्याला वाईट. तेलाची योग्य जागा दोन ठिकाणी : भिजलेल्या दाढीवर फेसाखाली अगदी पातळ हात, आणि काम संपल्यावर कोरड्या पुसलेल्या पात्यावर, गंज रोखण्यासाठी.

१०/
तुरटीची गोष्ट याहून सूक्ष्म. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळण्यासाठी घरोघरी तुरटी फिरवीत. दाढीनंतर रक्त थांबवायलाही तीच. पण तुरटी आम्लधर्मी असल्यामुळे साबणाचा फेस मोडते. तेव्हा क्रम महत्त्वाचा : आधी पाणी, मग फेस, मग वस्तरा, आणि तुरटी सर्वांत शेवटी.

११/
वाटीत आणखी एक धोका होता. एकाच पाण्यात, एकाच ब्रशने दिवसभर अनेकांच्या दाढ्या झाल्या की त्वचेचे संसर्ग एका गालावरून दुसऱ्या गालावर जात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत दूषित केसांच्या दाढीच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स पसरल्याची प्रकरणे नोंदली गेली. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे निदान झाले, आणि पुढच्या काळात निसण्यावर लावलेल्या वस्तऱ्याची जागा दर गिऱ्हाइकाला बदलायच्या अर्ध्या ब्लेडने घेतली. पाते सुरक्षित झाले. वाटीतले पाणी बदलणे मात्र आजही कारागिराच्या सवयीवरच अवलंबून आहे.

१२/
आणि काहींच्या वाट्याला ती वाटी आलीच नाही. अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्यांची दाढी करण्यास नाभिकाला मनाई असे. मोडली तर त्याचे बलुते बुडे. ज्यांना सार्वजनिक विहिरीवर बंदी, त्यांना वस्तऱ्याचीही बंदी. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने पाणवठ्यावर अडवणे आणि सेवा नाकारणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. पाणवठा आणि वस्तरा एकाच कायद्यात आले, कारण नकाराचा उगम एकच होता.

१३/
अकोला जिल्ह्यात वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या योजनांनी खारपाणपट्ट्यातील गावांना नळाने गोडे पाणी देण्याचा प्रयत्न केला. जेथे ते पोहोचते तेथे फेस सहज येतो. जेथे नळ कोरडा राहतो तेथे केशकर्तनालयातही पाण्याचा कॅन विकत आणावा लागतो. दुकानाच्या फळीवर आज जेल, क्रीम, फवारे यांची रांग आहे. तरी वस्तऱ्याची पहिली गरज गृह्यसूत्राच्या काळी होती तीच राहिली : पुरेसा वेळ भिजवणारे स्वच्छ, गोडे पाणी. ते कोणाच्या दारी पोहोचले आणि कोणाच्या नाही, हा वऱ्हाडाच्या इतिहासातला अजून न मिटलेला प्रश्न आहे.