डोक्यावरचा ओला रुमाल

सिंगापुरात कुणी पळायला सुरुवात केली, की नागपूर-अकोल्याकडच्या काकांचा फोनवर सल्ला ठरलेला: "डोक्याला ओला दुपट्टा बांध, ऊन बाधत नाही." काकांचे काही चुकत नाही. माठ, वाळ्याच्या ताट्या, कूलर ही सगळी त्याच युक्तीची भावंडे. साहेबाची सोला हॅटही भेंडाची, आणि तीसुद्धा पाण्यात बुडवून घालता येई. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. प्रश्न इतकाच, की ते वाळायला हवे!

ओल्या कापडाला विज्ञानात मानाचे स्थान मिळाले ते अमेरिकेतील लष्करी छावण्यांमुळे. तिथे कवायतीत जवान उष्माघाताने कोसळत. त्यावर यागलू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये एक निर्देशांक मांडला. त्यात तीन तापमापक असतात: एक सावलीतला साधा, एक उन्हातल्या काळ्या गोळ्यातला आणि एक ओले कापड गुंडाळलेला. साध्याला १० टक्के वजन, गोळ्याला २० आणि ओल्या कापडवाल्याला तब्बल ७० टक्के. थोडक्यात, तापमापकाच्या डोक्यालाच काकांचा दुपट्टा बांधला. सिंगापूरचे लष्कर आणि हवामान खाते आजही हाच निर्देशांक वापरतात.

आता हिशोब पाहा. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओले कापड साधारण २३ अंशांपर्यंत उतरते. म्हणजे वीस अंशांची कमाई! सिंगापुरात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ते जेमतेम २७ पर्यंत येते. पहाटे तर हवा जवळपास तुडुंब भरलेली असते. ऊन नसते हाच काय तो फायदा. घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग गार करत नाही.

हवेची साथ असली तर काय होते? बेळगावचे फडेप्पा चौगुले २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही जास्त. हवा गार, पावसाळी. वेळ २ तास ५० मिनिटे, क्रमांक एकोणिसावा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून दोराबजी टाटांनी जो संघ उभा केला, त्यातलेच ते. (बेळगावकरांनी हे आम्हाला एव्हाना दहादा ऐकवले आहे!) याउलट दोहा, २०१९. महिलांची जागतिक मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली, तरी त्या दमट उकाड्यात ६८ पैकी २८ जणींनी शर्यत सोडली.

ओल्या टोपीचा खरा धोका वेगळाच आहे. डोके गार लागते, बरे वाटते, पाय वेग घेतात. आत शरीराचे तापमान मात्र चढतच राहते. नवख्याला ते कळत नाही. त्यापेक्षा टोपीत बर्फ बरा, कारण बर्फ वितळायला आर्द्रतेची परवानगी लागत नाही. पण त्याची ताकद किलोला ८० किलोकॅलरी, आणि तोही मिनिटांत संपतो. म्हणून इथे वेग कमी करायचा, आणि चक्कर, थंडी वाजणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले की तिथेच थांबायचे.

दुपट्टा मात्र जपून ठेवा. मे महिन्यात नागपूरला जाल तेव्हा लागेलच.