जोशी मास्तरांचा मुलगा

पंडित भीमसेन जोशी यांचे नाव निघाले की ते लहानपणी घरातून पळून गेल्याची गोष्ट निघतेच. गुरूच्या शोधात अकरा वर्षांचा मुलगा निघाला आणि पुढे भारतरत्न झाला, असे आपण घरातल्या मुलांना कौतुकाने सांगतो. या गोष्टीत आपल्या ग्वाल्हेरलाही मानाचे पान आहे. मात्र मागे राहिलेल्या घराचे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही.

भीमसेन यांचा जन्म १९२२ सालचा, आजच्या कर्नाटकातील गदग भागातला. वडील गुरुराज जोशी शिक्षक. सोळा भावंडांत हा थोरला. भजनाची मिरवणूक दिसली की मुलगा तिच्यामागे जाई आणि दमला की वाटेत झोपून जाई. शोधून शोधून वडील थकले. अखेर त्यांनी त्याच्या सदऱ्यांवर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ अशा अर्थाची अक्षरे लिहून ठेवली. मग ज्याला तो सापडे, तो त्याला घरी आणून सोडी.

१९३३ साली मुलगा आगगाडीत बसला आणि ती अक्षरे निरुपयोगी ठरली. गावाबाहेर जोशी मास्तरांना ओळखणार कोण? विजापूर, पुणे करीत तो ग्वाल्हेरला आला. खिशात पैसे नव्हते, सहप्रवाशांच्या दयेवर प्रवास चालला होता. सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या मदतीने त्याला येथील माधव संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. १९१८ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले हे विद्यालय. पण मन येथेही स्थिरावले नाही. कलकत्त्यात नट पहाडी सन्याल यांच्या घरी त्याने घरकाम केले. दिल्ली, लखनौ, रामपूर असे फिरत तो जालंधरला पोहोचला. सुमारे तीन वर्षे एक शाळकरी वयाचा मुलगा अनोळखी माणसांच्या भरवशावर जगत होता. भेटलेली माणसे बहुतेक भली निघाली, हे त्याचे भाग्य. कोणी वाईट भेटता, तर आज त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

शेवटी जालंधरला वडिलांनी त्याला गाठले आणि घरी आणले. त्यानंतर १९३६ साली सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. ते राहत कुंदगोळला, हुबळीजवळ. ज्या गुरूसाठी मुलाने उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, तो घरापासून काही तासांच्या अंतरावर होता! पळून गेल्यामुळे भीमसेन घडले, असे म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे, की खरी तालीम सुरू झाली ती घरी परतल्यावर.

आजही मुले घर सोडतात. परीक्षेचा निकाल, रागाचे बोलणे, मोठ्या शहराची ओढ, अशी कारणे असतात. फलाटावर उतरलेल्या मुलाला पहिल्यांदा गाठणारा माणूस भलाच असेल, याची खात्री नाही. म्हणून उशीर न करता पोलिसांत वर्दी द्यावी, १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. असे मूल सापडल्यास त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, असा कायदा आहे. आणि मूल परत आले, की जाब विचारण्याआधी त्याला जेवायला वाढावे. पुन्हा जावेसे वाटू नये, असे घर त्याला मिळाले पाहिजे.