तेतांच्या घरची मकदूस

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अम्मानला होतो. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना तेता म्हणे, म्हणजे आजी. त्यांचे वडील दमास्कसचे कापडवाले. १९२५ साली फ्रेंचांनी दमास्कसवर तोफा डागल्या, तेव्हा ते कापडाचे गठ्ठे घेऊन हिजाज रेल्वेनं अम्मानला उतरले, असं तेता सांगायच्या. कधी म्हणायच्या, छे, त्याआधीच आले होते. खरं काय ते त्यांनाच ठाऊक. तेव्हाचं अम्मान केवढंसं! तेही १८७८ पासून येत गेलेल्या चेर्केस निर्वासितांनी वसवलेलं. पुढे १९४८ ला पॅलेस्टिनी आले. म्हणजे या गावात मूळचं कोण, हे विचारूच नये.

पावसाळ्याआधी तेता मकदूस घालायच्या. इवलाली वांगी उकडायची, चीर देऊन मीठ भरायचं, वर जड दगड ठेवून रात्रभर पाणी निथळू द्यायचं. मग अक्रोड, लाल मिरची, लसूण भरून बरणीत ऑलिव्हच्या तेलात बुडवायची. आपल्या भरल्या वांग्यांची ही दूरची मावसबहीणच.

२०११ मध्ये सीरियातल्या दराआत उठाव झाला आणि पुन्हा माणसांची रीघ लागली. दराआ आणि सीमेच्या अलीकडचं रमथा यांच्यात जुनी सोयरीक, म्हणून पहिले पाहुणे नातलगांकडेच उतरले. २०१२ च्या जुलैत झातरीची निर्वासितांची छावणी उघडली, तरी बहुतेक जण गावांतच भाड्यानं राहिले. भाडी वाढली, पाणी आधीच कमी. स्थानिकांची कुरकुर काही खोटी नव्हती.

आमच्या मागच्या खोलीत त्यांच्यातलाच एक गवंडी आला, बायकोमुलांसह. पोलीस दिसला की अंग चोरायचा. २०१६ पासून सीरियन निर्वासितांना बांधकामाचे, शेतीचे परवाने मिळू लागले, तेव्हा कुठे तो ताठ चालू लागला. मुलं दुपारच्या पाळीच्या शाळेत जात. सकाळची पाळी जॉर्डनच्या मुलांची. बायको मात्र दराआत शिक्षिका होती आणि तो पेशा परदेशी माणसाला बंद. ती तेतांबरोबर वांगी भरत बसे. बोटं तेलानं माखलेली, तोंडानं धाकट्याचे पाढे चालू.

तेता चिडायच्या. म्हणायच्या, "हिच्या हातचं खायला चालतं, हिच्याकडून शिकायला का चालत नाही?" मलाही ते कधी पटलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात असदची सत्ता गेली आणि लोक परतू लागले. जायचंय त्यांनी आनंदानं जावं. पण ज्यांचं घरच उरलं नाही, त्यांना कुणी "आता निघा" म्हणू नये.